कोणाचं काडतूस, द्रिका?

डोळे मिटा बघू जरा. अगदी घट्ट नको, वाचता आलं पाहिजे.

आता असं समजा, की तुम्ही लाल वाळूवर घोंगडी पसरून पालथे झोपला आहात. जुलै महिना आहे, म्हणजे आमच्याकडचा ऐन हिवाळा. घोंगडीतूनही वाळूचा गारवा पोटाला लागतोय. उजव्या गालाला लाकूड टेकलं आहे. त्या लाकडाला तेलाचा आणि तंबाखूचा वास येतो, कारण तुमचे आजोबा तरुण होते तेव्हापासून त्यावर गाल टेकत आले आहेत. समोर शंभरेक पावलांवर एक खुंट रोवला आहे आणि त्या खुंटावर पाकाच्या डब्याचं झाकण ठोकलं आहे. झाकण केवढं? तुमचा तळहात बघा. बोटं सोडून जेवढा उरतो, तेवढंच. खुंटामागे वाळूची उंच टेकडी आहे. चुकलेल्या गोळीने भलतीकडे न जाता तिथेच रुतून बसावं, म्हणून.

तुमच्या पाठीमागे तीन मोठी माणसं उभी आहेत आणि तिघंही एकाच वेळी सूचना देताहेत.

झालं? आता तुम्ही द्रिका झालात.

द्रिका बेउकेस बारा वर्षांची होती. रेहोबोथ गावाच्या पूर्वेला तिच्या आजोबांचं मेंढ्यांचं फार्म होतं. आजोबांना घरात सगळे ओपा म्हणत. दर हिवाळ्यात ओपांची मुलं आपापली गाडी घेऊन फार्मवर जमत आणि एका पहाटे सगळे मिळून स्प्रिंगबॉक हरणांच्या शिकारीला जात. त्या मांसाच्या पट्ट्या मीठ-धणे लावून वाळवल्या, की बिल्टाँगची वर्षभराची सोय होई. जे शिकारीला जात नसत, त्यांच्यासाठी घरी दुसरं काम तयार असे. मेंढीच्या मांसाचं सॉसेज करायचं लोखंडी यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाला आवळून बसवलेलं असे आणि त्याचा दांडा कोणीतरी दिवसभर फिरवावा लागे. मागच्या वर्षी तो द्रिकाने फिरवला होता. त्याच्या मागच्या वर्षीही तिनेच.

"यंदा नाही," असं तिने जूनपासूनच जाहीर करून ठेवलं होतं.

ओपांची अट सोपी होती. ती त्यांच्या मुलांनाही होती. शिकारीच्या आदल्या दिवशी झाकणावर तीन गोळ्या मारायच्या आणि तिन्ही लागल्या पाहिजेत. लागल्या तर पिकअपमध्ये जागा, नाही तर यंत्राचा दांडा. अटीला एक शेपूट होतं: झाकणावर जे काडतूस वापराल, तेच रानात न्यायचं. इथे एक आणि तिथे दुसरं, असं चालायचं नाही.

पण बेउकेसांच्या घरात अटीशिवाय एक रीतही होती. मूल पहिल्यांदा शिकारीला निघालं, की प्रत्येक मोठ्या माणसाने आपल्या खिशातली मूठभर काडतुसं त्याच्या हातावर ठेवायची. मुलाने ती हंगाम संपायच्या आत उडवायची. तशीच पडून राहिली, तर देणाऱ्याचा रुसवा पुढच्या हंगामापर्यंत पुरायचा.

तर त्या सकाळी द्रिकाच्या वाट्याला तीन मुठी आल्या होत्या. सगळी काडतुसं सात मिलिमीटरची, ओपांच्या जुन्या रायफलमध्ये बसणारी. पण दिसायला तिन्हींचं एकमेकांशी काही नातं नव्हतं.

पहिली मूठ अपोलस काकांची. अपोलस काका अंगाने आडवे आणि आवाजाने त्याहून आडवे. त्यांच्या काडतुसांची गोळीही तशीच होती, लांब, जड, बोथट नाकाची.

"ही घे पोरी. हिच्यापुढे बैलसुद्धा उभा राहत नाही."

"आपण बैल मारायला चाललोय का?" सुझारा आत्या म्हणाली. ती सगळ्या भावंडांत थोरली. दुसरी मूठ तिची. गोळी मध्यम वजनाची, टोकाला मऊ शिसं उघडं असलेली. दुकानात पेटीने मिळतात तीच. "ही घे. मी लग्नाआधीपासून हीच वापरते. तुझे ओपाही हीच वापरतात."

"वाटाणे आहेत ते वाटाणे," अपोलस काका म्हणाले.

तिसरी मूठ डॉल्फी काकांची. पण ती मूठ नव्हती. आत कापूस घातलेली लाकडी पेटी होती. डॉल्फी काका नेमबाजीच्या स्पर्धांत जात. पुंगळीत दारू ते स्वतः भरत, प्रत्येक गोळी तराजूवर तोलून घेत आणि बोटांचे डाग पडू नयेत म्हणून काडतूस रुमालात धरत. त्यांच्या गोळ्यांची टोकं सुईसारखी होती.

"हिला घाम लावू नकोस, द्रिका," ते म्हणाले.

"नाव ठेवलंय का हिचं?" अपोलस काकांनी विचारलं. "बारसं कधी केलंस?"

द्रिका स्वभावाने भिडस्त. तिघंही आपलीच माणसं, कोणाचं मन मोडायचं? तिने विचार केला, तीन गोळ्या मारायच्या आहेत आणि माणसंही तीन. तिने प्रत्येकाचं एकेक काडतूस उचललं.

ओपा घडीच्या खुर्चीवर बसून कॉफी पीत होते. त्यांनी ते पाहिलं. आणखी एक घोट घेतला.

आधी अपोलस काकांचं. दस्त्याने खांद्याला असा दणका दिला, की द्रिकाची टोपी उडाली. झाकणाच्या बरंच खाली, खुंटाच्या बुंध्याशी लाल धूळ उठली.

मग डॉल्फी काकांचं. या वेळी खुंटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याचा ढलपा उडाला.

मग आत्याचं. टण्ण! झाकणाच्या कडेला भोक पडलं.

तीनपैकी एक.

"डोळे मिटलेस तू," अपोलस काका म्हणाले.

"चाप ओढलास, दाबला नाहीस," डॉल्फी काका म्हणाले. "आणि घाम लावलास."

"माझी लागली की नाही?" आत्या म्हणाली.

द्रिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कोणाला दिसू नये म्हणून ती टोपी शोधायला गेली. तिला स्वयंपाकघरातलं ते यंत्र दिसू लागलं, त्याचा करकरणारा दांडा आणि तो संपतच नाही असा मांसाचा ढीग.

"संध्याकाळी," ओपा म्हणाले. "उन्हं टेकडीवरून उतरायच्या आत. पुन्हा तीन." आणि कप घेऊन ते घराकडे चालू लागले.

द्रिका त्यांच्यामागे धावली. "ओपा, माझं काय चुकलं? मी डोळे मिटले नव्हते. खरंच नव्हते."

"माहीत आहे मला." ओपा दाराशी थांबले. दाराबाहेर सगळ्यांचे बूट काढून ठेवलेले होते. "उजव्या पायात अपोलसचा बूट घाल. डाव्या पायात आत्याचा चर्चला जायचा. तो टाचेचा. हां. आता पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ रेषेत चालून ये."

"ओपा!"

"चाल तर खरं."

द्रिका चालली. एक पाय वर जाई, एक खाली. अपोलस काकांचा बूट पाय सोडून मागे राही आणि आत्याची टाच वाळूत रुते. टाकीशी पाणी पिणाऱ्या मेंढ्या मान वर करून बघायला लागल्या. परत आली तेव्हा वाळूत तिच्या पावलांची रेघ साप गेल्यासारखी उमटली होती.

"वाकडं कोण चाललं?" ओपांनी विचारलं. "तू, की बूट?"

द्रिका त्या रेघेकडे बघत राहिली. मग खुंटाकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे बंदूक तीच, मी तीच, पण गोळी दर वेळी वेगळी. जड गोळी खाली गेली."

"आणि?"

"आणि प्रत्येक गोळी आपापल्या जागी जाते. एकच प्रकार घ्यायला हवा. पण कुठला?"

"ते मला का विचारतेस? गोळी काही मी झाडणार नाहीये. बंदुकीला विचार."

दुपारभर ते काम चाललं. आत्याने पिठाच्या तीन रिकाम्या पिशव्या दिल्या. द्रिकाने प्रत्येकीच्या मधोमध कोळशाने ठिपका काढला आणि त्या खुंटाशेजारी टांगल्या. एका पिशवीवर एकाच माणसाच्या गोळ्या मारायच्या. दोन पिशव्यांच्या मध्ये ओपा तिला थांबवत.

"नळीला हात लाव. कशी आहे?"

"गरम."

"तापलेली नळी खोटं बोलते. कॉफी पी. थंड होऊ दे तिला."

द्रिका त्या दुपारी इतकी कॉफी प्यायली, की रात्री झोप येणार नाही म्हणून आत्या ओरडली. मग आत्यानेच तिच्या पुढ्यात निखाऱ्यावर भाजलेला पाव आणि लोणी ठेवलं.

शेवटी पिशव्या काढून पिकअपच्या बॉनेटवर पसरल्या. सगळे भोवती जमले.

अपोलस काकांच्या गोळ्या ठिपक्याच्या खाली होत्या, आणि एकमेकींपासून इतक्या लांब, की सगळ्या झाकायला जेवणाचं ताट लागलं असतं. आत्याच्या ठिपक्याभोवतीच होत्या, तळहाताएवढ्या जागेत. आणि डॉल्फी काकांच्या? त्या ठिपक्याच्या वर डावीकडे होत्या खऱ्या, पण तिन्ही भोकं एका अंगठ्याखाली झाकली जात होती.

डॉल्फी काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी काही बोलत नाही," ते म्हणाले आणि बोलतच राहिले. "द्रिका, बंदुकीवरच्या दुर्बिणीचा हा स्क्रू थोडा फिरवायचा, की सगळ्या झाकणाच्या मधोमध. चुकायचं म्हटलंस तरी चुकणार नाही. पिकअपमधली जागा पक्की!"

अपोलस काका आपल्या पिशवीकडे न बघता आत्याच्या पिशवीकडे बघत होते. "एवढं पसरलेलं? ते झाकणही एवढंच आहे. या वाटाण्यांनी झाकणावर तीन लागले ना, तर उद्या मी घरी बसतो. एप्रन बांधून यंत्राचा दांडा मी फिरवतो!"

"सगळ्यांनी ऐकलंय हं," आत्या म्हणाली.

द्रिकाने डॉल्फी काकांचं एक काडतूस उचललं. रुमालात धरून. इतकं सुंदर होतं ते. तिच्या डोळ्यांसमोर झाकण आलं, मधोमध तीन भोकं असलेलं. पिकअप आली, पहाटेचा वारा, मागच्या बाकड्यावर तिची स्वतःची जागा. मग तिला अटीचं शेपूट आठवलं.

"डॉल्फी काका, ही हरणाला लागली की काय होतं?"

डॉल्फी काका पेटीतला कापूस सारखा करायला लागले.

"सांग की," ओपा म्हणाले.

"ती..." डॉल्फी काकांनी नाक खाजवलं. "ती कागदासाठी आहे. कागदाला काही फरक पडत नाही. पण जनावरात कधी सुईसारखी आरपार निघून जाते, कधी कातडीखालीच तुकडे होतात. काय होईल ते सांगता येत नाही."

"म्हणजे हरीण पळून जाईल? दुखणं घेऊन?"

"जाऊ शकतं."

"तुम्ही स्वतः शिकारीला कुठली नेता?"

डॉल्फी काकांनी आत्याकडे बघितलं, मग वाळूकडे. "तिची," ते पुटपुटले.

"हा!" आत्या एवढ्याने ओरडली, की कोंबड्या उडाल्या. "दर वर्षी माझ्या डब्यातली काडतुसं कमी होतात, ती अशी होय!"

हसू ओसरल्यावर द्रिका दुसऱ्या काकांकडे वळली. "आणि तुमची, अपोलस काका?"

"माझी? माझी आरपार जाते आणि जाणार म्हणजे जाणार," अपोलस काका छाती काढून म्हणाले.

"आणि मागे दुसरं हरीण उभं असलं तर?"

स्प्रिंगबॉक कधी एकटं उभं राहतं का? ती हरणं कळपाने असतात, एकमेकांना चिकटून. हे अपोलस काकांना माहीत नव्हतं असं नाही. गोळीचं कौतुक करण्याच्या भरात ते आठवलं नव्हतं, इतकंच.

"गेम्सबॉकला ती चांगली," ओपा हळूच म्हणाले. "जाड कातडीचं, मोठ्या हाडाचं जनावर. तिथे अपोलसचीच गोळी हवी. अपोलसचं चुकत नाही, फक्त त्याचं हरीण फार मोठं आहे."

सगळे हसले. अपोलस काकाही हसले, पण अर्धेच.

उन्हं उतरायला लागली होती. पवनचक्कीची पाती आता चांगली गरगरत होती, कारण संध्याकाळी आमच्याकडे वारा उठतोच. द्रिकाच्या पुढ्यात दोन काडतुसं होती. डावीकडे डॉल्फी काकांचं. ते घेतलं तर आज झाकण नक्की, पण उद्या एखादं हरीण रक्ताचा माग सोडत टेकडीपलीकडे जाईल, आणि ते कुठे पडलं हे कोणाला कळणारही नाही. उजवीकडे आत्याचं. ते घेतलं तर हरीण जागच्या जागी पडेल. पण आधी झाकणाला तिन्ही लागायला हव्यात. गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडतात आणि झाकणही तळहाताएवढंच. जरा हात हलला, जरा वारा आला, की संपलं.

"आणि नाही लागली तर?" तिने विचारलं. कोणालाच नाही, नुसतंच.

"तर दांडा," ओपा म्हणाले. त्यांनी उगाच धीर दिला नाही. म्हणून मला ते आवडत.

द्रिकाने डॉल्फी काकांचं काडतूस रुमालात गुंडाळून पेटीत ठेवलं, कापसावर, बाळाला निजवावं तसं.

"ऑगस्टमध्ये चर्चच्या जत्रेत नेमबाजी आहे ना, काका? तिथे कागद असतो. तिथे मी हीच वापरीन. तेव्हा स्क्रू तुम्ही फिरवून द्या."

"देईन की!" डॉल्फी काकांनी पेटी छातीशी धरली. रुसायचं ते विसरूनच गेले.

मग ती घोंगडीवर पालथी झाली. वाळूची पिशवी नळीखाली सारखी केली आणि आत्याचं काडतूस भरलं. मागे आत्या काहीतरी सांगणार होती. ओपांनी नुसतं बोट वर केलं. फार्मवर पहिल्यांदाच सगळे एकदम गप्प झाले.

टण्ण.

तिने पुंगळी बाहेर काढली. ती वाळूवर पडली, धुरकट आणि गरम. नळीला हात लावला. थांबली. अपोलस काका चुळबुळ करायला लागले, तरी थांबली.

टण्ण.

तिसरी गोळी भरली आणि वाऱ्याने जोर धरला. गवताची पाती एका बाजूला झुकली. द्रिकाने चापावरचं बोट काढून घेतलं. दुर्बिणीतून बघायचं सोडून ती मान वळवून पवनचक्कीकडे बघत राहिली. पाती गर्रगर्र फिरत होती. उन्हं खाली सरकत होती. खुंटाचा वरचा भाग अजून उजेडात होता, पण बुंध्याशी सावली चढायला लागली होती.

"उजेड जातोय गं," आत्या न राहवून कुजबुजली.

"शू," डॉल्फी काका म्हणाले.

सावली झाकणाच्या खालच्या कडेला टेकली. पवनचक्की मंदावली. एक पातं वर आलं, दुसरं आलं, तिसरं येता येता अडखळलं.

द्रिकाने गाल लाकडाला टेकवला, श्वास अर्धा सोडला आणि चाप दाबला. ओढला नाही, दाबला.

या वेळी टण्ण झालं नाही. 'टिंग' असा बारीक आवाज आला आणि झाकण खिळ्याभोवती गिरक्या घ्यायला लागलं. लागलं, की वाऱ्याने फिरलं? ओपा खुर्चीतून उठले. ते कधी घाई करत नसत, आजही केली नाही. चालत चालत खुंटापर्यंत गेले, झाकण थांबेपर्यंत थांबले, वाकून बघितलं आणि खिळ्यासकट ते उपटून घेऊन आले.

झाकणावर चार भोकं होती. एक सकाळचं. दोन संध्याकाळची, मधोमध, शेजारी शेजारी. आणि चौथं अगदी काठावर. तिथे गोळीने पत्र्याचा अर्धचंद्र चावून नेला होता.

"अर्धंच आहे," अपोलस काका म्हणाले, पण त्यांचा आवाज आता आडवा नव्हता.

"झाकणाला लागलं की नाही?" ओपांनी विचारलं.

"लागलं," अपोलस काका म्हणाले.

आत्याने द्रिकाला उचललं आणि गोल फिरवलं. डॉल्फी काकांनी टाळ्या वाजवल्या. अपोलस काका मात्र पवनचक्कीकडे तोंड करून उभे राहिले, जणू तिच्यात काहीतरी बिघडलंय आणि ते फक्त त्यांनाच दिसतंय.

द्रिका आत्याच्या हातातून खाली उतरली. तडक स्वयंपाकघरात गेली आणि आत्याचा निळ्या फुलांचा एप्रन घेऊन आली.

"काका, वाका जरा. पोचत नाही मी."

अपोलस काकांनी ओपांकडे बघितलं. ओपा कॉफीच्या रिकाम्या कपात काहीतरी शोधत होते. मग काका वाळूवर गुडघे टेकून बसले.

द्रिकाने एप्रन त्यांच्या गळ्यात घातला, मागे नाड्यांची गाठ मारली, ती सुटू नये म्हणून वर आणखी एक मारली. मग तिने खिशातून त्यांचं एक जड, बोथट नाकाचं काडतूस काढलं आणि एप्रनच्या खिशात नीट, नाक वर करून ठेवलं.

"हे सांभाळा हं, काका. पुढच्या महिन्यात गेम्सबॉकला मी तुमच्याकडून मागून घेईन."